तबक कोणी धरायचं

माइकवर माझं नाव आलं. नुसतं नाव नाही. मध्ये बाबांचं नाव, शेवटी आडनाव, सगळं रीतसर. "हिने कृपया स्टेजवर यावं."

बहरीनमधल्या, मनामातल्या आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार. बारावीचे निकाल लागले की लोक सुट्टीला भारतात पांगायच्या आत तो दरवर्षी उरकतात. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल, फोटो. मला मार्क चांगले पडले होते. त्यामुळे नाव ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही, आनंद झाला. आईने पाठीत हात घालून मला ढकललंच. "जा गो, बेगीन जा." बाबा उठून उभे राहिले. मागचे लोक "बसा हो, दिसत नाही" म्हणत होते तरी उभेच. फोन काढून त्यांनी व्हिडिओ सुरू केला.

मी वर गेले. आईची साडी नेसले होते, निऱ्या सावरत गेले. समोर काकू होत्या, मंडळाच्या कार्याध्यक्ष. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मान झुकवली. आधी कुंकू लावतात, मग शाल घालतात, हे मला पाठ होतं. लहानपणापासून खाली बसून बघत आले होते.

काकूंनी माझ्या हातात तबक ठेवलं.

"नीट धर हं. इथे बाजूला उभी राहा. फोटोत येऊ नकोस."

तबकात शाल होती, नारळ होता, कुंकवाची कोयरी होती. ते सगळं सानिकासाठी होतं. सानिका काकूंची मुलगी. माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गात. तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. नाव घेतलं की माणसं भुवया उंचावतात असं विद्यापीठ. शंभरांनी अर्ज करावेत आणि दोघातिघांना घ्यावं, असं. काकूंनी माझ्या हातातल्या तबकातून शाल उचलली आणि लेकीच्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या. मला टाळ्या वाजवता येत नव्हत्या. हात अडकले होते.

बारावीला मला सानिकापेक्षा जास्त मार्क होते. किती जास्त ते सांगत नाही. तिला माहीत आहेत, मला माहीत आहेत.

याहून वाईट पुढे आहे. माझी मान झुकलेली दिसली तसे बाबा खूश झाले. त्यांनी व्हिडिओ तिथेच थांबवला आणि जागेवरूनच गावच्या ग्रुपवर टाकला. फोन खिशात घालून वर बघितलं, तोवर माझ्या हातात तबक होतं. पण गावाला ते कुठे दिसलं? गावाला दिसली स्टेज, मंडळाचा बोर्ड, आणि मान झुकवून उभी असलेली चंदरची, म्हणजे माझ्या बाबांची, मुलगी. घरी पोचेपर्यंत अभिनंदनाचा पाऊस. गावचं नाव काढलंस. बहरीनमध्ये डंका. गावच्या काकाने तर तिठ्यावर माझ्या फोटोचा बॅनर लावला. खाली वाडीतल्या सगळ्यांची नावं, शुभेच्छुक म्हणून.

बॅनरचा फोटो आला तेव्हा आम्ही तिघं जेवत होतो. बाबांनी फोन पालथा ठेवला. आई म्हणाली, "कळवया काय तेंका?" बाबा आमटी ओरपत राहिले. कोणी काहीच कळवलं नाही.

हा झाला माझा पहिला सत्कार.

आमची परिस्थिती सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं, तबकच तर धरलं.

बाबा सिंधुदुर्गातल्या एका वाडीतून बहरीनला आले. एका कंपनीत ड्रायव्हर आहेत. त्याच कंपनीत काकूंचे यजमान मोठ्या हुद्द्यावर. आम्ही त्यांना साहेब म्हणतो. बाबा साहेबांची गाडी चालवतात. ड्रायव्हरला बायकापोरं इकडे आणणं सोपं नसतं. साहेबांनी शब्द टाकला, बाबांचा हुद्दा कागदावर थोडा वर सरकला, आणि आम्हाला फॅमिली व्हिसा मिळाला. हे मला कोणी एकदाच बसवून सांगितलं नाही. थोडं थोडं, रोज सांगितलं. साहेबांमुळे तू इथे आहेस. साहेबांमुळे तू इंग्लिश शाळेत आहेस. साहेब बाबांना चंदर म्हणतात. सानिकाही लहानपणी चंदर म्हणायची. मग कोणीतरी तिला सांगितलं असावं, ती "चंदर अंकल" म्हणायला लागली.

आम्ही उम्म अल हस्सममध्ये राहतो, एका जुन्या इमारतीत, खाली लाँड्री आणि मलबारी हॉटेल. त्यांचा व्हिला रिफ्यात. गणपतीत आई आठवडाभर त्यांच्याकडे राबायची. मीही जायचे. आम्ही गॅरेजच्या बाजूच्या दाराने आत जायचो, सरळ स्वयंपाकघरात. आई मोदक वळायला बसली की बघत राहावं. साऱ्या मंडळाला पुरतील इतके मोदक. पण नैवेद्याचे एकवीस काकू स्वतः करायच्या. वेगळ्या ओट्यावर, वेगळी उकड. "नैवेद्याचं घरच्या बाईनेच करायचं असतं गं मंदा," असं हसून म्हणायच्या. आई मान डोलवायची. मी बरीच मोठी होईपर्यंत मला वाटायचं, हा गणपतीचा नियम आहे. मग एका वर्षी काकूंचा हात दुखावला होता. त्या वर्षी नैवेद्याचे मोदक करायला त्यांनी शेजारच्या कुलकर्णी बाईंना बोलावलं. त्या कुठे घरच्या होत्या? आई तिथेच बसली होती, पिठाचे हात घेऊन. तेव्हा मला नियम समजला.

आणि मी सानिकावर जळायचे. हे आधीच मान्य करते, म्हणजे पुढे कोणाला शोधून काढल्याचा आनंद नको.

तिच्या कपड्यांवर जळायचे, कारण ते सहा महिन्यांनी माझ्याकडे यायचे आणि शाळेत सगळ्यांना ओळखू यायचे. तिच्या खोलीवर जळायचे. खोलीच्या दारावर. तिच्या खोलीला दार होतं आणि ते तिला बंद करता यायचं. मी आमच्या हॉलमध्ये टीव्हीचा आवाज कमी करायची विनवणी करून अभ्यास करायचे. अर्ज कसा लिहायचा ते शिकवायला तिला एक माणूस होता, लंडनहून व्हिडिओ कॉलवर यायचा. असा माणूस असतो हेच मला तिचा प्रवेश झाल्यावर कळलं. अशा विद्यापीठात गरिबाला फी माफ होऊ शकते, हेही नंतरच कळलं. सानिकाला माहीत होतं. एकाच बाकावर बसायचो आम्ही. मी कधी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही, असं ती म्हणते. असेलही.

ती गेली. विमानतळावर पोचवायला बाबाच गेले, गाडी तेच चालवतात ना. बॅगा उतरवल्या. आणि मी मनामातल्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात नाव घातलं. घरून बसने जाता येईल आणि बाबांना झेपेल, एवढीच त्याची ख्याती. खाली टायरची दुकानं, वर कॉलेज. संध्याकाळचे वर्ग. माझ्या वर्गात दिवसभर कौंटरवर उभ्या राहिलेल्या बहरीनी पोरी, एक फिलिपिनो नर्स, तीन मुलांची आई असलेली एक पाकिस्तानी बाई. मंडळात कोणी विचारलं की आई म्हणायची, "शिकता हा." कुठे ते सांगायची नाही. काकूंनी एकदा चारचौघांत विचारलं, "ते टायरवालं कॉलेज ना?" आणि सगळ्या हसल्या. वाईट हसल्या असं नाही. गंमत म्हणून हसल्या.

मी रोज सानिकाचे फोटो बघायचे. लायब्ररीतली सानिका. बर्फातली सानिका. विद्यापीठाचं नाव छातीवर असलेला स्वेटशर्ट घातलेली सानिका. सुट्टीत आली की म्हणायची, "यार, इतकं रीडिंग असतं, आय ॲम सो टायर्ड." मी तिच्या थकण्यावरही जळायचे. बसमध्ये तिच्या विषयांची नावं शोधायचे, त्यांची पुस्तकं शोधायचे, मिळतील ती वाचायचे. प्रेमापोटी नाही. ज्ञानाच्या तहानेपोटी तर मुळीच नाही. तिला जे कळतं ते मला कळलंच पाहिजे, एवढ्यासाठी. लोक म्हणतात मत्सराने माणूस पोखरतो. माझ्या मत्सराने मला उठवलं, बसवलं, वाचायला लावलं. लंडनचा माणूस तिला होता. मला हाच.

कॉलेजात आम्हाला निबंधलेखन शिकवायला एक बहरीनी बाई होत्या, बुसैतीनच्या. मिस नूरा. बोलायला तुटक. माझा एक निबंध हातात घेऊन म्हणाल्या, "यू आर अँग्री."

मी म्हटलं, "नो मिस, जेलस."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ऑफ हूम?" मी सांगितलं. विद्यापीठाचं नावही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, दोन वर्षं इथे केलीस की तिथे तिसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. ट्रान्सफर. फार कमी घेतात. पण कर. मग म्हणाल्या, "यल्ला, कम ऑन, व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

अर्ज केला. पुढचं लांबवत नाही. घेतलं त्यांनी मला. फी माफ, राहणं माफ. तेच विद्यापीठ. सानिकाचं.

ईमेल वाचला तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं? आईबाबा आठवले नाहीत. सानिकाचा चेहरा कसा होईल, ते आठवलं. बघायला मिळावा असं फार वाटलं.

तो मिळाला बघायला. ती सुट्टीला आली होती. आईला पोचवायला मी रिफ्याला गेले, तेव्हा ती स्वयंपाकघरात आली. मिठी मारली. मग फ्रिज उघडून पाण्याची बाटली काढत म्हणाली, "अनबिलिव्हेबल यार. पण तुझ्याकडे स्टोरी होती ना. ड्रायव्हरची मुलगी, कम्युनिटी कॉलेज. दे लव्ह दॅट. माझ्याकडे लिहायला काहीच नव्हतं."

काहीच नव्हतं. त्या बिचारीकडे काहीच नव्हतं. पहिल्यांदाच ती माझ्यावर जळत होती, आणि जळताना तिने उचललं काय, तर माझं ड्रायव्हरच्या घरचं असणं. तेसुद्धा मला आयतं मिळालेलं, तिच्या हक्काचं काहीतरी असल्यासारखं.

काकू मागून आल्या. "ट्रान्सफर ना? म्हणजे तशी खरी ॲडमिशन नव्हे ती. पण छान हं. छानच. यंदा मंडळात सत्कार करू या तुझा." आई ओट्याशी उभी होती. तिचे डोळे भरून आले. दोन वर्षं तिने गावाशी जे खोटं सांभाळलं होतं, ते आता खरं होणार होतं.

कार्यक्रमाच्या आधी काकूंचा फोन आला. "हे बघ बेटा, दोन शब्द बोलायचेत तुला. सानिकाचं मार्गदर्शन लाभलं म्हण, साहेबांचा आधार म्हण. आणि त्या कॉलेजचं नाव नको घेऊस. ॲडमिशन डायरेक्टच मिळाली असं राहू दे. आपल्या स्टेजवर बरं नाही दिसत ते."

मी "हो" म्हटलं. हो म्हणायची सवय होती.

तोच हॉल. तीच खुर्च्यांची रांग. आईने नवी साडी घेतली होती, मोरपंखी. बाबांनी फोन आधीच हातात घेऊन ठेवला होता. सानिका पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. माइकवर माझं नाव आलं. मी वर गेले. या वेळी काकूंनी मला मध्ये उभं केलं, फोटोवाल्याच्या समोर. मग त्या माइकवर म्हणाल्या, "आणि तिच्या आईनेही वर यावं. मंदा, ये गं वर."

आईने आधी इकडेतिकडे बघितलं. मग उठली. पदर खांद्यावरून नीट घेतला. तिला कोणी स्टेजवर कधी बोलावलं नव्हतं. पायऱ्या चढताना हसत होती, ओठ मिटून, दात दिसू नयेत म्हणून. वर आली, माझ्या शेजारी उभी राहिली, फोटोवाल्याकडे तोंड करून.

काकूंनी तिच्या हातात तबक ठेवलं.

"धर गं जरा. इकडे, बाजूला हो."

आई बाजूला झाली. लगेच. हसू तसंच राहिलं होतं तोंडावर, काढायला वेळ मिळाला नव्हता. फोटोतून बाहेर जाऊन उभी राहिली, तबक दोन्ही हातांनी धरून, फुलं पडू नयेत म्हणून ताट सपाट ठेवून. मी उभी राहिले होते तशीच.

काकूंच्या मनात खोट नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी ठरवून केलं असतं तर मला इतकं लागलं नसतं. तबक धरायचं म्हटलं की त्यांना आमच्याच घरचे हात दिसतात. बस्स. सवय.

त्यांनी शाल उचलली. मी मान झुकवली नाही. त्या थांबल्या, हसल्या, "अगं, वाक जरा" म्हणाल्या. मी आईकडे गेले. तिच्या हातातलं तबक घेतलं. ठेवायला टेबल नव्हतं. मी ते खाली ठेवलं, स्टेजवर, मधोमध. नारळ कलंडला आणि काकूंच्या पायाशी जाऊन थांबला.

माइक माझ्या हातात कसा आला ते आठवत नाही. बोललेलं सगळं आठवतं.

"मी टायरच्या दुकानांवरच्या कॉलेजातून आले आहे. मला डायरेक्ट प्रवेश मिळालेला नाही. मला कोणाचं मार्गदर्शन लाभलेलं नाही, मिस नूरा सोडून. दोन वर्षांपूर्वी मला इथे बोलावलं होतं ते तबक धरायला. माझ्या गावात बॅनर लागला की माझा सत्कार झाला. झाला नव्हता. आज माझ्या आईला बोलावलं, तेही तबक धरायला. हा सत्कार मला नको."

हॉलमध्ये एसीचा आवाज येत होता. सानिका पहिल्यांदा सरळ बसली होती. आई माझ्याकडे बघत नव्हती, रिकाम्या हातांकडे बघत होती. आणि बाबांचा फोन वरच होता. त्यांनी तो खाली घेतला नाही. मी शेवटचा शब्द बोलेपर्यंत घेतला नाही.

 घरी आल्यावर आई फुटली. "तेंच्या जीवावर आपण हंय आसव! तू जातलंस उडान. आमी खंय जाव?" खरं होतं. मी विमानात बसणार होते आणि आईबाबांचा व्हिसा साहेबांच्या हातात होता.  

दुसऱ्या दिवशी बाबा साहेबांना आणायला गेले. साहेब मागे बसले. ऑफिसशी उतरताना म्हणाले, "चंदर, मुलीला सांग, मंडळाच्या ग्रुपवर एक ओळ टाकायला. भावनेच्या भरात बोलले, क्षमस्व. विषय खलास." बाबांनी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. निरोप्यासारखं, मान खाली घालून.

आई म्हणाली, "टाक गो बाय. एक ओळ तर आसा."

मी फोन हातात घेतला. एक ओळच होती. तबकही तसं जडच कुठे असतं? बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "कालचो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकलंय मी. पुरो." आणि बूट काढायला खाली वाकले.

गावच्या ग्रुपवर बराच वेळ कोणी काही लिहिलं नव्हतं. अभिनंदन नाही, काही नाही. मग काकाचा एकच मेसेज आला. "बॅनर कधीच फाटलो होतो."

मी ती ओळ लिहिली नाही. लिहिणारही नाही. साहेबांनी बाबांची गाडी काढून घेतली तरी नाही. व्हिसाचं जे व्हायचं ते होईल, आणि झालं तर ते माझ्यामुळे झालं हे मी कोणापासून लपवणार नाही, स्वतःपासून तर नाहीच. मला आत शांत वगैरे वाटत नाही. मी अजून जळते. सानिका तिथे मला लायब्ररीत दिसेल, कोपऱ्यातल्या खिडकीशी बसलेली, आणि मी जळेन. जळत जाऊन तिच्या समोरच्या खुर्चीवर बसेन. तिथे कोणी विचारलं कुठून आलीस, तर टायरच्या दुकानांचं नाव आधी सांगेन. आणि माझ्या आईच्या हातात पुन्हा कोणी तबक ठेवलं, तर मी ते पुन्हा खाली ठेवीन. कार्यक्रम कोणाचाही असो.